आमचे वायरमन भाऊजी

लाइट गेल्यावर ज्याचा चेहरा उजळतो असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझे धाकटे दीर. आपण सगळे 'गेली वाटतं' असं पुटपुटत मोबाइलचा टॉर्च चाचपडत असतो, तेव्हा भाऊजी पायात बूट चढवत असतात. बूटही साधे नाहीत, पॉलिश केलेले. इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग आणि हातात हत्यारांची पिशवी. त्यांना पहिल्यांदा दारात बघणाऱ्याला हे विमा विकायला आलेत असंच वाटतं.

याला कारण त्यांचा पूर्वजन्म. भाऊजी एका औषध कंपनीचे एमआर होते. गळ्यात टाय, मांडीवर बॅग, आणि डॉक्टरांनी आत बोलावण्याची वाट बघणं, यात त्यांची ऐन उमेदीची वर्षं गेली. एका उन्हाळ्यात नेरूळच्या दवाखान्यात असेच ताटकळत बसलेले असताना लाइट गेली. घामाघूम पेशंट, रडणारी पोरं, अंधारात कुणीतरी कुणाच्या तरी पायावर पाय दिला. तेवढ्यात एक वायरमन आला, जिन्याखालच्या बोर्डाशी जरा खुडबुड केली आणि पंखे फिरायला लागले. सगळा दवाखाना एका सुरात ओरडला, "आली!" एका आजींनी तर त्या वायरमनवरून बोटं ओवाळून मोडली. त्या दिवशी घरी आल्यावर भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, मी दवाखान्यात शिरलो की लोक 'आला'च म्हणतात. पण कसं म्हणतात, ते तुम्ही ऐकलं नाहीये."

चाळिशी उलटलेल्या या माणसानं मग नोकरी सोडली आणि आपल्या मुलाच्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसून वायरमनचा कोर्स केला. ही बातमी कळल्यावर सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "चांगली नोकरी सोडलीस, आता काय दिवे लावणार आहेस?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "हो आई. दिवेच लावणार आहे."

लायसन्स मिळालं, टाय गेला, पण दवाखाना काही त्यांच्या अंगातून गेला नाही. बंद पडलेल्या पंख्याखाली उभं राहून ते घरच्या बाईला विचारत, "त्रास कधीपासून आहे? आधी काही उपाय केलेत का?" मेन स्विच बंद करण्याआधी घरात कुणी आजारी आहे का, कुणी अभ्यासाला बसलंय का, याची चौकशी. आणि निघताना पथ्य: "दोन दिवस गिझर आणि इस्त्री एकत्र देऊ नका."

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. कोपरखैरण्याच्या ज्या नाक्यावर सकाळी रंगारी, प्लंबर, सुतार कामाची वाट बघत उभे राहतात, तिथे भाऊजी रोज जाऊन उभे राहायचे. त्यांना कामं फोनवर मिळत, तरीही. कुणाच्या घरी बटण बदलायला गेले की नजर बाथरूमकडे. "नळ गळतोय. आमचा माणूस आहे, पाठवतो." कुठेही चार कारागीर काम करत असले आणि चहा एकट्या भाऊजींनाच आला, तर कप तसाच ठेवत. "आमच्यात अजून तिघं आहेत, ताई." त्यांच्या स्वतःच्या सोसायटीनं लिफ्टबाहेर बोर्ड लावला, 'कामगारांनी जिना वापरावा.' त्या दिवसापासून सातव्या मजल्यावरचे फ्लॅटमालक भाऊजीही जिन्यानं चढायला लागले. माझी जाऊ वैतागून म्हणाली, "तुम्ही मालक की कामगार, एकदाचं ठरवा." त्यावर धापा टाकत उत्तर आलं, "दोन्ही. म्हणून तर गुडघे दुखतात."

नाक्यावरच्या या गोतावळ्यात त्यांचा जिवाभावाचा माणूस होता भीमराव. जालन्याकडचा, फरशी बसवणारा, हसरा आणि अबोल. भाऊजी भिंतीत वायर टाकायचे, भीमराव खाली फरशी कापायचा, आणि दोघं एका डब्यात जेवायचे. भीमरावला खोकला होता. विचारलं की म्हणायचा, "धुळीचा हाय, सायब. काम थांबलं की थांबतो." हळूहळू काम थांबलं तरी खोकला थांबेना. मग गोणी उचलताना तो मधेच बसायला लागला.

भाऊजी त्याला घेऊन आपल्या जुन्या ओळखीच्या सगळ्या डॉक्टरांकडे फिरले. एमआर म्हणून ज्या बाकांवर बसले होते, त्यांच्यावरच भीमरावचा हात धरून बसले. सगळ्यांनी एकच सांगितलं. वर्षानुवर्षं नाकातोंडात गेलेली दगडाची भुकटी फुफ्फुसात बसली आहे, ती आता निघायची नाही. त्या संध्याकाळी भाऊजी आमच्याकडे आले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. "वहिनी, आयुष्यभर खोकल्याची औषधं विकली मी. आणि माझ्या शेजारी बसून खोकणारा माणूस मला ऐकू आला नाही."

त्यानंतर त्यांनी नवंच सुरू केलं. जिथे फरशी कापायची असेल तिथे जाऊन, धूळ उडू नये म्हणून कटरच्या पात्यावर पाण्याची धार धरून उभं राहायचं. पाण्यामुळे शॉक बसू नये म्हणून त्यांनी एक खास बोर्ड बनवला, जरा कुठे करंट गळला की आपोआप बंद पडणारा. कारागीर हसायचे. भाऊजी म्हणायचे, "हसा. पण नाकाला रुमाल बांधून हसा." हळूहळू नाक्यावरची पोरं स्वतःच बाटलीला भोक पाडून धार धरायला लागली.

भीमरावचं घर करंजाड्याला, गावात मागच्या बाजूला, एक खोली आणि पुढे ओटा. भाऊजी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा दारातच थबकले. इतक्या घरांना फरशी घातलेल्या माणसाच्या घरात खाली नुसता कोबा होता, तोही ठिकठिकाणी उखडलेला. ते नाक्यावर येऊन इतकंच म्हणाले, "रविवारी मला माणसं लागतील." रविवारी अख्खा नाकाच तिथे लोटला. ज्याच्या त्याच्या हातात भीमरावच्याच कुठल्या ना कुठल्या कामावरून उरलेल्या फरश्या. पांढरी, लालसर, लाकडी नक्षीची, एक तर चक्क बाथरूमची निळी. भीमरावला खाटेसकट लांब झाडाखाली नेऊन बसवलं. कापाकापी सगळी रस्त्याकडेला, पाण्याच्या धारेखाली. मी डबे घेऊन गेले होते. भीमराव खाटेवरून दम घेत घेत ओरडत होता, "आरं, डाव्या बाजूला उतार येतोय!" इतक्या मोठ्यानं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर भाऊजी मला आणि जाऊबाईंना घेऊन करंजाड्याला गेले. भीमरावच्या बायकोनं आम्हाला आत बसवलं.  मग ती फरशीवरून हात फिरवत सांगायला लागली, "ही नेरूळच्या बंगल्यातली. ही पांढरी शाळेतली. पडल्या पडल्या दाखवायचे मला. म्हनायचे, हितं काम करताना लई ऊन होतं, हितल्या बाईनं जेवू घातलं व्हतं." तिनं पदराच्या टोकानं निळी फरशी पुसली. "मी कवा गेले न्हाई भाऊ त्यातल्या कुनाच्या घरात. पन रोज पुसते."

 भाऊजी उठून ओट्यावर गेले आणि बूट घालायला बसले. मी दारातून पाहत होते. एकाच बुटाची नाडी ते बांधत होते, सोडत होते, पुन्हा बांधत होते. जाऊबाई बाहेर गेल्या, त्यांच्या शेजारी टेकल्या आणि दुसरा बूट हातात धरून बसून राहिल्या.