आजाऱ्यांची यादी

आठ पानांचं साप्ताहिक चार पानांवर आलं, आणि मग एका मंगळवारी सरकारी माणसांनी छापखान्यालाच सील ठोकलं. फादर आत प्रुफं वाचत बसले होते. "उठा," म्हटल्यावर उठले, पेनाला टोपण लावलं आणि बाहेर आले. एकवीस वर्षं संपादकी केलेल्या माणसाने निदान चार शब्द तरी सुनवायचे! पण आत काही हललंच नाही. दात काढण्याआधीच्या इंजेक्शनने ओठ परका होतो ना, तसं झालं होतं, फक्त अख्ख्या अंगाला.

गुन्हा म्हणाल तर एका ओळीचा. 'निवडणूक कधी?' एवढाच प्रश्न ते दर अंकात पहिल्या पानावर छापत. अक्षरं जुळवणारा कंपोझिटर त्या ओळीचे शिशाचे खिळे कधी सुटे करतच नसे. दोऱ्याने बांधून फळीवर तयार ठेवी. "दर आठवड्याला कोण जुळवत बसणार? उत्तर येईल तेव्हा सोडू," म्हणायचा. सील लागलं त्याच आठवड्यात त्याला घरातून उचलून नेलं.

पेपर गेला, पण फादरांची बातमीची खोड कुठे जाते? चर्चमध्ये रविवारच्या मिस्साच्या वेळी प्रार्थनेसाठी आधी आजाऱ्यांची नावं वाचतात, मग मृतांची. पकडून नेलेल्यांना फादरांनी आजाऱ्यांत घातलं, सुटून आलेल्यांना बरे झालेल्यांत. दोन रविवारांत गावभर झालं. उभ्या जन्मात चर्चची पायरी न चढलेले वकीलसाहेब पहिल्या बाकावर येऊन बसू लागले. "तुमच्याकडे साथबीथ आलीय की काय?" बिशपांनी विचारलं. फादरांनी नुसती मान हलवली. एरवी खदखदून हसले असते.

नियम मात्र पेपरचाच होता. दोघांनी वेगवेगळं येऊन सांगितल्याशिवाय नाव कागदावर चढायचं नाही. लोकांचाही त्यावर डोळे मिटून विश्वास होता. कंपोझिटरची बायको तिसऱ्या बाकावर बसायची. आठ रविवार नवऱ्याचं नाव आजाऱ्यांत ऐकलं की पदर सारखा करायची आणि घरी जायची.

नववा रविवार. आदल्या दुपारी फादरांनी दोन्ही कागद लिहिले होते. पेन्शनीतला पोस्टमन खरोखरच गेला होता. हात आपला चालत होता, मन कुठेच नव्हतं. रविवारी मृतांचा कागद वाचून झाला आणि तिसऱ्या बाकावरची बाई उठून निघून गेली. फादरांना ते दिसलं. का, ते कळलं नाही.

वेदीमागच्या खोलीत ते झगा उतरवत होते तेव्हा थोरली बहीण धावत आली. त्यांचं घर तीच सांभाळायची.

"अरे, कधी गेला तो? मला बोलला नाहीस!"

"कोण?"

"कोण काय? कंपोझिटर!"

फादरांनी कागद पाहिला. पोस्टमनच्या खाली कंपोझिटरचं नाव, त्यांच्याच वळणदार अक्षरात.

झग्याची बटणं तशीच उघडी ठेवून ते कंपोझिटरच्या बायकोकडे गेले. शेजारणी भिंतीला टेकून बसल्या होत्या. नवऱ्याचा शर्ट घडी करून तिने मांडीवर घेतला होता.

"माझी चूक झाली, बाई. नाव भलत्या कागदावर गेलं."

ती एकदम उभी राहिली. "म्हणजे हे आहेत? कुणी पाहिलं?"

फादर झग्याचं बटण लावू लागले.

"फादर, दोघांनी सांगितल्याशिवाय तुम्ही वाचत नाही ना? कोण ते दोघं?"

दोघं नव्हते. दुसऱ्या आठवड्यानंतर एकही नव्हता. नाव मागच्या कागदावर होतं म्हणून पुढच्यावर उतरत गेलं होतं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"मग आठ रविवार मला काय ऐकवत होतात?"

तिने शर्ट खुंटीला अडकवला. जा असं ती म्हणाली नाही, पण तेच म्हणाली.

पुढच्या रविवारी शेवटच्या बाकावर साध्या कपड्यातला एक माणूस बसला होता. फादरांनी त्याला पाहिलं आणि कागद उघडला. "चूकदुरुस्ती," ते म्हणाले. कंपोझिटरचं पूर्ण नाव घेतलं. "हे गेले असं मी वाचलं. ते मला माहीत नव्हतं. त्याआधी आजारी म्हणून वाचलं, तेही माहीत नव्हतं. ते आजारी नव्हतेच, त्यांना सरकारने पकडून नेलं. ते कुठे आहेत हे सरकारला माहीत आहे. सरकारने सांगावं." आवाज सपाट होता. दारात गाडी उभीच होती.

पाचव्या दिवशी तुरुंगात भेट मिळाली. जाळीपलीकडे बहीण, आणि तिच्यामागे कंपोझिटरची बायको.

"याद्या आता ही लिहिते," बहीण म्हणाली. "मी तुझं नाव दिलं, तर म्हणते, पाहिलंय कुणी? मी म्हटलं, मी बघून येते. तर म्हणे एकटीचं चालणार नाही."

बाईने फादरांना खालून वर नीट न्याहाळलं.

"पाहिलं," ती म्हणाली. "रविवारी वाचायला हरकत नाही."

फादरांचा ओठ थरथरला. इंजेक्शन उतरताना दुखतं, तसं कुठेतरी दुखायला लागलं होतं.

"आणि त्यांचं नाव?" त्यांनी विचारलं. "मी इथे प्रत्येकाला विचारतोय. कुणी—"

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही."

"मग नको," ती म्हणाली, आणि पदर सारखा केला.