प्रश्नोत्तरांच्या पाटीची वायर

लग्न होऊन मी बेळगावहून बेंगळूरला आले, त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. सासऱ्यांचं चिकपेटेत पाट्या, वह्या आणि मुलांच्या खेळण्यांचं घाऊक दुकान होतं. खाली दुकान आणि वर आम्ही. सासऱ्यांना घरात आणि पेठेत सगळेच अण्णा म्हणत, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. मराठी बोलता बोलता ‘जरा थांब’ऐवजी ते मध्येच ‘स्वल्प थांब’ म्हणायचे, आणि सुरुवातीला मला हसू यायचं.

एकोणीसशे साठच्या दशकाची सुरुवात होती. विजेवर चालणारी शिकण्याची खेळणी नुकतीच बाजारात दिसू लागली होती. कॉटनपेटेतल्या एका कारखानदाराने अण्णांना एक नमुना आणून दाखवला. लाकडी पाटीवर डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तरं आणि प्रत्येकाशेजारी पितळी खिळा. दोन सुट्या वायरींची टोकं हातात धरायची, एक प्रश्नाच्या खिळ्याला लावायचं आणि दुसरं उत्तराच्या. उत्तर बरोबर असलं की वरचा छोटा दिवा लागायचा. आत टॉर्चचे दोन सेल होते. अण्णा स्वतःच पाऊण तास खेळत बसले आणि त्यांनी मोठी ऑर्डर देऊन टाकली.

महिन्याभराने खोकी आली. त्याच सकाळी त्यातल्या सहा पाट्या चामराजपेटेतल्या एका शाळेत पाठवल्या. दुपारी मी अण्णांना कॉफी द्यायला खाली गेले, तेव्हा एक पाटी काउंटरवर उघडी पडली होती. तिच्या मागून एक लांब वायर आली होती आणि वायरीला भिंतीत खुपसायचा प्लग होता.

“सेल कुठे गेले, अण्णा?” मी विचारलं.

“सेल संपले की लोक तक्रार घेऊन येतात. आता थेट घरच्या विजेवर. कटकटच मिटली.”

मी पाटी उलटी केली. आत टॉर्चच्या बल्बाऐवजी देवघरात लावतात तसा छोटा बल्ब होता. बाकी काही नव्हतं. वीज सौम्य करणारा ट्रान्सफॉर्मर मला दिसेना. माझे वडील बेळगावात वायरमन होते. माहेराहून येताना त्यांनी मला इतर वस्तूंबरोबर एक टेस्टरही दिला होता. मी वर जाऊन तो आणला, पाटीचा प्लग दुकानातल्या भिंतीत लावला आणि टेस्टर सुट्या वायरीच्या टोकाला टेकवला. त्याच्या मुठीतला लाल ठिपका लख्ख पेटला.

“म्हणजे काय?” अण्णांनी विचारलं.

“म्हणजे भिंतीतली सगळी वीज या टोकात आहे. आणि हेच टोक मुलं हातात धरणार.”

अण्णांनी कॉफी तशीच ठेवली, चपला घातल्या आणि दुकानाच्या फळ्या लावायला सुरुवात केली. दिवसाढवळ्या दुकान बंद केलेलं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. मला म्हणाले, “तूही चल. मला नीट सांगता येणार नाही.”

जटका, म्हणजे इथला टांगा, करून आम्ही शाळेत पोचलो. शाळा सुटली होती. मुख्याध्यापिका कार्यालयात होत्या. आम्ही काय सांगतोय ते कळल्यावर त्यांनी आधी आम्हाला बसायला सांगितलं. वर्गांमध्ये प्लगच नव्हते, त्यामुळे पाट्या कपाटातच राहिल्या होत्या. त्यांनी कपाट उघडलं. मी मोजल्या. पाचच निघाल्या.

“एक आमच्या दुसरीच्या बाईंनी घरी नेलीय,” त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. “आधी आपल्या मुलीला दाखवून बघते, म्हणाल्या.”

बाईंचं घर बसवनगुडीत होतं. त्यांच्याकडे फोन असायचा प्रश्नच नव्हता. मुख्याध्यापिकांनी कागदावर पत्ता लिहून दिला आणि आम्ही पुन्हा जटक्यात बसलो. रस्ताभर अण्णा घोडेवाल्याला घाई करत होते. माझ्याशी एकदाच बोलले. “हात लावताच माणूस मरतो का ग?”

“नेहमी नाही,” मी म्हटलं. “पण मुलं जमिनीवर अनवाणी बसतात. फरशी ओली असली तर...”

अण्णांनी पुढे वाकून घोडेवाल्याला पुन्हा हाक दिली.

बाईंचं घर एका वठारात होतं. घरमालकाच्या अंगणाभोवती एका रांगेत आठ-दहा बिऱ्हाडं. आम्ही पाचवं दार गाठलं. दार उघडंच होतं. सात वर्षांची मुलगी उंबऱ्याच्या आत लाल कोब्यावर मांडी घालून बसली होती. पुढ्यात पाटी, दोन्ही हातांत वायरींची टोकं. वायर भिंतीपर्यंत गेलेली आणि प्लग भोकांत बसलेला. ती एक टोक या खिळ्याला लावत होती, दुसरं त्या खिळ्याला, आणि दिवा लागत नव्हता.

अण्णा चपलांसकट आत गेले आणि त्यांनी प्लग ओढून काढला. मुलगी रडायला लागली. आतून बाई धावत आल्या. परका म्हातारा, हातात वायर, रडणारी मुलगी. त्यांनी मुलीला जवळ ओढलं आणि आमच्याकडे बघत राहिल्या. मी भराभर कोण, कुठले, कशासाठी ते सांगितलं.

“पण ती मघापासून खेळतेय,” बाई म्हणाल्या. “दिवा लागतच नाही. मी तिला म्हटलं, सहा वाजेपर्यंत थांब.”

“सहा का?”

“आमचे घरमालक दिवसा मेन बंद ठेवतात. संध्याकाळी सहाला सुरू करतात.”

मी अण्णांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. ते असे बसलेले असतानाच खोलीतला दिवा लागला. कुणीही बटणाला हात लावला नव्हता. अंगणापलीकडून मालकांचं खाकरणं ऐकू आलं. बाईंनी दिव्याकडे पाहिलं, मग मुलीच्या दोन्ही तळव्यांकडे, आणि त्यांना सगळं समजलं. त्या मुलीला घट्ट धरून तशाच उभ्या राहिल्या.

“चूक माझी आहे, अक्का,” अण्णा त्यांना म्हणाले. “नमुना एक पाहिला आणि माल दुसरा घेतला. उघडूनही बघितला नाही.”

बाईंनी थोड्या वेळाने आम्हाला कॉफी दिली. अण्णांनी एक पेला संपवून आणखी अर्धा मागितला. माझे पाय इतके हलके झाले होते की परतताना मी म्हटलं, आपण चालतच जाऊ. आणि आम्ही गांधी बाजारातून चालत निघालो. वाटेत अण्णांनी घरच्या सगळ्यांसाठी पेरू घेतले. त्यांना स्वतःहून काही घेताना मी क्वचितच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कॉटनपेटेत गेलो. कारखानदार पस्तिशीचा, साधा माणूस. त्याला आमचं म्हणणं पटेना.

“मी स्वतः हात लावून पाहिलंय, अण्णा. नुसतं मुंग्या आल्यासारखं वाटतं.”

मी विचारलं, “तेव्हा तुमच्या पायात काय होतं?”

त्याने खाली पाहिलं. त्याच्या पायात रबरी चपला होत्या. त्या तो दिवसभर काढत नसे. आमच्याकडे न बघताच त्याने विचारलं, “अनवाणी असलं तर?” मी सांगितलं. मग त्याने सायकल काढली आणि निघून गेला. कामगारांना काही कळेना. अर्ध्या तासाने तो परत आला तेव्हा त्याच्या काखेत एक पाटी होती. पहिली तयार झालेली पाटी त्याने मुलांसाठी घरी नेली होती.

“बायकोला घरात पसारा आवडत नाही म्हणून तिने माळ्यावर टाकली होती,” तो म्हणाला. एवढं बोलून तो हसला आणि त्याने डोळे पुसले. मग म्हणाला, “सरी, ठीक आहे. काय करायचं ते सांगा.”

सगळा माल त्याने परत घेतला. पाट्यांमध्ये पुन्हा सेल बसवले, खिळ्यांची टोकदार डोकी घासली. सेलच्या खणाला त्याने स्क्रूचं झाकण लावलं, म्हणजे लहान मूल ते उघडून काही तोंडात घालणार नाही.

त्यानंतर दुकानात येणारं प्रत्येक खोकं माझ्यापुढे येऊ लागलं. दर डझनातला एक नग मी उघडायची. रंगीत ठोकळे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासायची. रंग उतरला तर माल परत जायचा. बाहुल्यांचे डोळे ओढून बघायची आणि खुळखुळे फरशीवर टाकून बघायची. सुरुवातीला व्यापारी अण्णांकडे तक्रार करायचे. अण्णा म्हणायचे, “तिने हो म्हटलं की मी हो.”

कॉटनपेटेतून पाट्या परत आल्या तेव्हा मी त्यातली एकही सोडली नाही. तीन दिवस दुकानाच्या मागच्या खोलीत चटईवर बसून एकेक पाटी लावून पाहिली. देशाची राजधानी, सर्वांत मोठा पक्षी, गाय काय खाते. चौथ्या दिवशी दुपारी शेवटची पाटी खोक्यात ठेवली, आणि तिथेच चटईवर आडवी होऊन मी चार वाजेपर्यंत झोपले. कुणीही मला उठवलं नाही.