किरणच्या गाण्यात नसलेलं अर्धं बोलणं

त्या सकाळी आम्ही दोघांनी भरताची वांगी भाजली. कपाशीच्या काड्यांचा जाळ मी केला, वांगी तिने फिरवली. एक मी फिरवलं, ते करपलं. "ऱ्हाऊ द्या, ते तुमना ताटमा," ती म्हणाली. मग साल काढता काढता म्हणाली, "किरणनी मन्हं अर्धंच बोलणं लिधं. तुम्ही तठेच व्हतात. त्याले बाकीनं सांगा."

मी म्हटलं, "उद्या सांगतो."

दुपारी जेवून आडवी झाली, ती उठली नाही.

माझी बायको. सगळा गाव तिला अक्का म्हणायचा. एरंडोलच्या बाजारात ती एकेक वांगं दोन्ही हातांत घेऊन फिरवायची, देठ बघायची, दाबायची, परत ठेवायची. भाजीवाला चिडून म्हणायचा, "अक्का, भरीत करनं शे का सोयरीक?"

"सोयरीक तं मन्ही बिनदखता व्हयनी. वांगं तरी दखीसन लिसू."

बाजार हसायचा. मी पिशवी धरून उभा.

किरण तिच्या बहिणीचा मुलगा, धुळ्याला असतो. मोबाईलवर चालणारी गाणी करतो. माणूस मला कधीच आवडला नाही. दुसऱ्याच्या घरात चहा पितो आणि तिथलं बोलणं उचलून नेतो. दिवाळीत तो आला, तेव्हा आमची नात पल्लवी जळगावहून आली होती. नोकरी करते. खाटेवर बसून लग्नासाठी मोबाईलमधली पोरं अंगठ्याने बाजूला सारत होती. एक गेला, दुसरा गेला. मलाही राग आला, पण बोलली अक्का.

"माणूसले असं लोटतस का वं? मी वांगं बी दोन्ही हातमा धरस!"

किरणने तेवढंच उचललं. महिन्याभरात गाणं आलं. मोबाईलवाली पोरगी, आज एक नवरा, उद्या दुसरा, आणि मागे ढोल. लग्नालग्नात पोरं त्याच्यावर नाचतात. पोरांच्या खिशात तसलेच मोबाईल, पण लाज फक्त पोरीची.

अक्का पुढे बोलली होती. नातीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली होती, "पण तू दख बेटा, दहादा दख. माले कोणी दखूच दिन्हं नही. दखतू तं ह्या नानाले नकोच म्हनतू."

सगळे हसले. ती पण हसली. मी मात्र उठून ओट्यावर जाऊन बसलो, दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. चौथी शिकलेला, रागीट, स्वतःच्या आईपुढे तोंड न उघडणारा नवरा तिला मिळाला होता. तिचं खोटं नव्हतं. म्हणूनच ते किरणला सांगायला माझी जीभ वळत नव्हती.

तेराव्याला त्या किरणने पंगतीत ते गाणं लावलं. म्हणाला, "मावशीनी आठवण." पल्लवी घास टाकून उठली. "आजी मला अशी समजत होती का, नाना?" तिने विचारलं. मला सगळं माहीत होतं. तरी मी पुढच्या पंगतीला पाणी वाढायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने धुळ्याला गेलो. किरण दात घासत होता.

"नाना? बसा, चहा ठेवतो."

"चहा नको. मोबाईल काढ. मी बोलतो ते भर."

अक्काचं बोलणं मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, तिच्याच शब्दांत. तो म्हणाला, "तुमचं नाव गाण्यात घालू? लोक हसतील, नाना."

म्हटलं, "घाल. आणि हे आधी पल्लवीला पाठव, माझ्यासमोर."

त्याने पाठवेपर्यंत मी दारातून हललो नाही.