फटाके, बाई

सिरिलो अमेस्कुआ खोटं बोलणाऱ्यातला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. तळ्याकाठच्या आमच्या सान बाल्तासार गावात परदेशी लोकांच्या बागा राखणारे दहा-बारा माळी असतील, त्यांत हा सगळ्यात सरळ. खताचं अर्धं पोतं उरलं तर तेही मालकिणीला दाखवून ठेवणारा. याला साधी थाप मारता येत नाही, लगेच कान लाल होतात, असं त्याची बायको ओफेलिया सगळ्यांना सांगायची. एका बाबतीत मात्र तो बिनदिक्कत खोटं बोलायचा आणि कान जागच्या जागी राहायचे. कारण ते खोटं त्याच्या एकट्याचं नव्हतं, अख्ख्या गावाचं होतं.

त्याचं असं झालं. उतारावरच्या पांढऱ्या घरांमधून अमेरिकेचे नि कॅनडाचे म्हातारे राहतात. आमच्या लेखी सगळे ग्रिंगोच. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्यातल्या एकाला गाडीतून उचलून नेलं. तिसऱ्या दिवशी सोडलंही, पण महिन्याभरात निम्म्या घरांना कुलपं लागली. घरकाम करणाऱ्या बायका घरी बसल्या, माळी शहरात विटा वाहायला गेले, आणि गावाची दोन वर्षं कशी गेली ते आठवायलाही नको. मग हळूहळू लोक परत आले. त्यानंतर कुणी बैठक बोलावली नाही की कुणी ठराव मांडला नाही, पण परदेशी माणसानं कसलाही धडाडधुम आवाज ऐकून 'हे काय?' म्हणून विचारलं की गावाच्या तोंडून एकच उत्तर यायला लागलं. फटाके. ते खपायचंही, कारण फटाक्यांना आमच्याकडे काय तोटा? गवंड्यांचा सण आला की फटाके, वाजंत्रीवाल्यांच्या संताला फटाके, शेतकऱ्यांच्या संताला तर पहाटेपासून.

सिरिलो ज्यांच्याकडे होता त्या बाईंचं नाव दोरीन. गावात सगळे त्यांना मानानं दोन्या दोरीन म्हणत. कॅनडाच्या, विधवा, सत्तरी ओलांडलेल्या, आणि स्पॅनिश बोलायच्या ती अडखळत पण नेटानं. त्यांचा मुलगा तिकडून दर रविवारी फोन करायचा आणि मेक्सिकोच्या बातम्या वाचून दाखवायचा. अमुक ठिकाणी इतके मेले, तमुक ठिकाणी तितके सापडले, आई, तू परत ये. बाई हट्टी. त्यांनी एक हिरवी वही केली. आवाज आला की तारीख, वेळ, किती आवाज, आणि पुढे सिरिलोनं सांगितलेलं कारण. रविवारी मुलगा सुरू झाला की त्या वही उघडून वाचायच्या, हे बघ, मंगळवारी चार, सान इसिद्रोचे फटाके, शुक्रवारी दोन, कुणाचं तरी लग्न. चार वर्षं हा प्रकार चालला. सिरिलोला कुठल्याही तारखेला एखादा संत काढता यायला लागला. एकदा त्यानं फेब्रुवारीत सांता सेसिलिया सांगितली तेव्हा बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, ती नोव्हेंबरात असते ना? सिरिलो म्हणाला, ही वरच्या आळीची, बाई, धाकटी. बाईंनी तेही लिहून घेतलं.

मार्चमधल्या त्या मंगळवारी सिरिलो शिडीवर चढून बोगनवेल छाटत होता. ऊन कललेलं, वारा पडलेला. खाली होड्यांच्या धक्क्याच्या बाजूनं तीन आवाज आले. आता आमच्याकडच्या पोरालाही कळतं की सणाचा बाण आधी सूं करत वर जातो आणि मग फुटतो. या तिन्हींना सूं नव्हतं. सिरिलोनं ते ऐकलं, त्याला ते कळलं, आणि त्याची कात्री चालूच राहिली. दोन्या दोरीन वही घेऊन ओसरीवर आल्या. त्यांनी विचारायच्या आधीच तो मान न वळवता म्हणाला,

"फटाके, बाई. सान होसेचे. आता नऊ दिवस चालतील."

बाई लिहून आत गेल्या. तो सहाला घरी गेला तेव्हा ओफेलिया दारात उभी होती.

नाबोर हा सिरिलोचा धाकटा भाऊ. अडतीस वर्षांचा, बिनलग्नाचा, त्यांच्याच मागच्या खोलीत राहणारा. धक्क्यावर त्याची होडी होती, बेटावर परदेशी पाहुण्यांना फिरवून आणायचा, आणि जिभेला हाड नव्हतं. कुणीतरी त्याला आपलं काहीतरी तळ्यापलीकडे पोचवायला सांगितलं होतं आणि तो नाही म्हणाला, एवढंच आम्हाला माहीत. नुसतं नाही म्हणून थांबला नसणार, वर दोन शब्द ऐकवलेच असणार. होडी धक्क्याला बांधलेली होती. होडीत त्याची एक चप्पल होती. नाबोर नव्हता.

सिरिलोनं धक्क्यावर सगळ्यांना विचारलं. जाळी विणणारा तिथेच बसलेला असतो, तळलेले मासे विकणारी तर त्याच्यापासून वीस पावलांवर. दोघांनीही खाली बघत सांगितलं, गाडी पाहिली नाही, माणसं पाहिली नाहीत, आवाज आले, पण ते फटाके होते. आपल्याच गावाचं उत्तर आपल्यालाच मिळालं, आणि त्यांना वाईट म्हणायची सोयही नव्हती. दोन तासांपूर्वी शिडीवरून त्यानं दुसरं काय सांगितलं होतं?

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. लोकांनी नावं ठेवली. सख्खा भाऊ नाहीसा झालाय नि हा गवत कापतोय, म्हणे. मला विचाराल तर त्या माणसाचं आत काहीतरी बंद पडलं होतं. भूक लागत नव्हती, पण ताट पुढे आलं की जेवायचा. झोप यायची, चक्क यायची, आणि सकाळी उठल्यावर त्याचीच त्याला लाज वाटायची. रडू येत नव्हतं. ओफेलिया रडली, ओरडली, संतांच्या तसबिरी भिंतीकडे तोंड करून ठेवल्या. हा उठला आणि भांडी घासून आला.

शहरात बेपत्ता माणसांची तक्रार घेणारी कचेरी आहे, तिथे तो तीनदा गेला. तिथे एकच म्हणणं, धक्क्यावरच्या दोघांचा जबाब घेतलाय, ते फटाके म्हणतात, भाऊ आधी कधी अमेरिकेत होता का? होता, तीन वर्षं. मग तिकडेच गेला असेल, फोन येईल. झटापट, रक्त, गोळ्या, असं काही कुणी पाहिलं-ऐकलं असेल तर सांगा. तशी नोंद झाली तर कुत्री घेऊन शोधपथक निघतं, पलीकडच्या टेकड्यांवर कुंपणांच्या आतही जाता येतं. नाहीतर 'स्वखुशीनं गेला' एवढंच लिहून फाइल कपाटात. भाऊ जिवंत सापडेल असं सिरिलोला वाटत नव्हतं. त्याला तो फक्त हवा होता, जसा असेल तसा. दोन हाडं मिळाली तरी ती कुठे ठेवलीत ते माहीत असतं.

मग फिदेन्सियो आला. याचं हार्डवेअरचं दुकान, नि उतारावरची सहा घरं भाड्यानं दिलेली. गोड पावांचा पुडा घेऊन आला, ओफेलियाशी चार शब्द बरे बोलला, आणि जाताना सिरिलोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की ग्रिंगो ईस्टरनंतर उन्हाळ्यासाठी जातात, तोवर जरा दमानं घे. गावाच्या पोटावर पाय येईल असं काही करू नकोस. सिरिलो हो म्हणाला. त्या दिवसांत त्याला कुणी काहीही सांगितलं तरी तो हो म्हणायचा.

पाच आठवडे असे गेल्यावर एका सकाळी ओफेलियानं त्याच्यापुढे कॉफी आपटली.

"तुझी ती बाई सगळं वहीत लिहिते ना? वेळ, आवाज, सगळं?"

"लिहिते."

"ती इथल्या कुणाला घाबरत नाही. तिला कोण काय करणार आहे? तिला घेऊन जा कचेरीत."

"सगळं खरं सांगावं लागेल तिला. मग ती जाईल. एक गेली की बाकीचेही."

"जाऊ देत. मी विटा वाहीन," ओफेलिया म्हणाली. "मला माझा दीर आणून दे."

दोन्या दोरीन ओसरीवर पपई कापत होत्या. सिरिलोनं टोपी काढली आणि सांगितलं, एका दमात, पावसापाण्याबद्दल सांगावं तसं. बाईंना इतकंच माहीत होतं की त्याचा भाऊ कुठेतरी गेलाय. त्यांच्या हातातली सुरी तशीच राहिली. मग त्या आत जाऊन वही घेऊन आल्या आणि पानं उलटत गेल्या. मार्च. मंगळवार.

"पाचला बारा मिनिटं कमी," त्यांनी वाचलं. "तीन आवाज. लागोपाठ. धक्क्याकडून."

सिरिलोच्या छातीत पाच आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी हललं. मिनिटासकट वेळ होती! धक्का होता! असा कागद गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. बाई मात्र त्या ओळीवरून नजर काढत नव्हत्या.

"नव्हते ना ते फटाके?"

"नव्हते, बाई."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

त्यांनी आणखी दोन-तीन पानं मागे उलटली, मग वही मिटली. बाकीचं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं एकेक ओळ खरी करून दिली असती, इतका तो रिकामा झाला होता. बाई चिडल्या होत्या, आणि का चिडू नये? चार वर्षं मी माझ्या मुलाला हे वाचून दाखवलं, म्हणाल्या. त्याला मूर्ख म्हणाले.

"मग मी इथे सुखरूप आहे की नाही, सिरिलो? आज तरी खरं सांगा."

"तुम्हाला कुणी हात लावत नाही, बाई," तो म्हणाला. "तुमच्यासाठी सरकारं फोन करतात. तुम्ही सुखरूप आहात. आम्ही नाही."

बाईंनी पपई झाकून ठेवली आणि उद्याच जाऊ म्हणाल्या. मुलाला नंतर सांगेन, आधी हे. बाईंच्या हिमतीला तोड नव्हती, हे कबूल करायला हवं. फिदेन्सियोनं रस्त्यात टॅक्सी थांबवून चौकशी केली तर काच वर करून घेतली.

कचेरीतला कारकून तरुण होता, नीट बोलणारा. परदेशी बाई बघून त्यानं खुर्ची ओढली, पाणी मागवलं. सिरिलो तीनदा आला तेव्हा उभाच होता. वही पाहून कारकुनाचा चेहरा उजळला. मिनिटासकट नोंद, तीही त्याच दिवशीची, अशी कधी मिळते का? बाई एकेक शब्द सांगत होत्या आणि तो टाइप करत होता. वार, वेळ, तीन आवाज, धक्क्याकडून. बाई तिथे थांबल्या.

"पुढे काय लिहिलंय?" त्यानं विचारलं. त्याला थोडं इंग्रजी येत होतं. त्याचं बोट ओळीच्या शेवटी गेलं होतं. "इथे सिरिलो लिहिलंय. तुम्हीच ना?"

बाईंनी सिरिलोकडे पाहिलं. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं आणि खरंही बोलवत नव्हतं. शेवटी सिरिलोनंच सांगितलं, त्या दिवशी बाईंनी विचारायच्या आधीच मी फटाके म्हणालो. त्या घाबरू नयेत म्हणून. इथे सगळेच तसं सांगतात. बाईही मध्ये बोलल्या, हात जोडून बोलल्या, की तो मला जपत होता. कारकुनानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला की का म्हणालात ते तुम्ही आज सांगताय, आणि काय म्हणालात ते त्याच दिवशी लिहिलं गेलंय. मला दोन्ही लिहावं लागेल, पण वर बसलेले त्याच दिवशीचं धरतात. तो वाईट नव्हता. त्यानं सिरिलोसाठीही पाणी मागवलं.

मग त्यानं कागद छापून काढला आणि मोठ्यानं वाचला. सदर दिवशी पाचला बारा मिनिटं कमी असताना धक्क्याच्या दिशेनं तीन आवाज आले. जाळी विणणाऱ्यानं, मासे विकणारीनं ते फटाक्यांचे असल्याचं सांगितलं आहे. नाहीशा झालेल्या इसमाचा सख्खा भाऊ, जन्मापासून गावचाच रहिवासी, यानंही आवाज ऐकताक्षणी, कुणी न विचारता, ते फटाके असल्याचं ओळखलं होतं. आता त्याचं म्हणणं वेगळं आहे.

"बरोबर आहे ना?" कारकुनानं विचारलं. "चूक असेल तर सांगा, दुरुस्त करतो."

सिरिलोनं कागद हातात घेऊन पुन्हा सावकाश वाचला. त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. कारकुनानं जिथे बोट ठेवलं होतं तिथे त्यानं सही केली.