तेल की वार्निश

वेंगुर्ल्याच्या बंदरावर मचवे दुरुस्त करणारा तो म्हातारा सुतार कधी वाद घालत नसे. पटलं नाही, तरी नुसता ‘हूं’ म्हणे. माझ्या मचव्याच्या डेकाला तो उंडीच्या बियांचं तेल लावणार होता. मी मुंबईहून चकचकीत वार्निश आणलं. ‘हूं’ म्हणून त्याने अर्ध्या डेकाला तेच लावलं. वाळल्यावर मला बोलावलं, त्यावर बादलीभर खारं पाणी ओतलं आणि स्वतः अनवाणी झपाझप चालत गेला. दुसऱ्याच पावलाला तो धाडकन आपटला. भुवई फुटून रक्त आलं.

“तुझो खलाशी असो भर दर्यात पडलो, तर गावतलो खंय?” त्याने बसल्याबसल्या विचारलं.

भर दर्यात पडलेला कुठला सापडायला! मी हात देऊन त्याला उठवलं. दुसऱ्या दिवशी कपाळाला फडकं बांधून तो वार्निश खरवडत बसला होता.