माजिदाभाभीचा फोटो

आमच्या स्कॅन सेंटरमधल्या मशिनी चार वेळा बदलल्या, डॉक्टर सहा बदलले, गौसभाई मात्र तेच. मी काउंटरला बसते, अकरा वर्षं झाली. सोलापुरात चांगला टेक्निशियन कोण असं मला कुणी विचारलं तर मी दुसरं नाव घेत नाही. अंधाऱ्या खोलीत एक्सरेच्या फिल्मा धुण्यापासून सुरुवात केलेला माणूस, आज सीटी चालवतो आणि कंपनीचा इंजिनियर अडला की त्यालाच चार गोष्टी सांगतो. पण तोंडाला कुलूप. पेशंटनं कितीही हातापाया पडून विचारलं तरी "डॉक्टर सांगतील" एवढंच. मला लई राग यायचा. समोर बाई रडतेय, एक शब्द बोललात तर जीभ झडेल काय? ते म्हणायचे, अर्धवट सांगणाऱ्यापेक्षा मुका बरा.

माजिदाभाभी त्यांची बायको. ती मुकी नव्हती. चार वर्षांपूर्वी छातीतल्या गाठी तपासायचं मशीन आलं, तेव्हा सहा महिने त्याच्यावर धूळ बसली होती. एक बाई यायला तयार नव्हती. भाभीनं मनावर घेतलं. दुपारी विड्या वळत बसलेल्या बायकांमध्ये जाऊन बसायची, त्यांच्याबरोबर पानं कापायची आणि गोड बोलून, दटावून दोघीतिघींना रिक्षात घालून आणायची. चंद्रव्वा म्हणून एक म्हातारी होती, तिला तर अक्षरशः ओढत आणली. तिची गाठ वेळेत सापडली, आज ती ठणठणीत आहे. पन्नासेक बायका तरी भाभीनं आणल्या असतील. स्वतः मात्र कधी त्या मशीनसमोर उभी राहिली नाही.

तिच्या छातीतही गाठ लागत होती, म्हणून मी एकदा धरलंच तिला. म्हटलं, भाभी, बार्शीहून खास बाई येते हो तपासायला, पुरुष आत नसतो. तेव्हा ती काय म्हणाली ते माझ्या कानात अजून आहे.

"हात लावायला बाई हाय, ते खरं. पर फोटो बघणार कोण? एजाज आन् इसूफच की. ईदला ज्यांना मी शीरखुर्मा वाढते, त्यांच्या फुडं माझं अंग टीव्हीवर? न्हाय जमायचं."

एजाज आणि इसूफ म्हणजे गौसभाईंच्या हाताखाली शिकून तयार झालेले दोघं. आणि दुसरीकडे जावं म्हटलं तर गावातल्या सगळ्या सेंटरमध्ये असाच कुणीतरी गौसभाईंचा चेला. तो भाभीच्या हातचं जेवलेला असणारच. गौसभाई म्हणायचे, पुण्याला नेतो, तिथं कोण ओळखतंय. ईद झाली की नेतो, पोरीचं लग्न झालं की नेतो. इतक्या बायकांच्या गाठी ज्या माणसानं पडद्यावर पाहिल्या, त्याला घरातली गाठ पदराआड ठेवता आली. मी त्यांना तोंडावर बोलले आहे हे.

मागच्या पावसाळ्यात भाभीची पाठ धरली. धरली ती सुटेना. शेवटी डॉक्टरांनी सीटी लिहून दिला आणि पुण्याला न्यायचीही सोय उरली नाही, बसवतच नव्हतं तिला. गौसभाईंनी त्या दुपारी एजाजला आणि इसूफला जेवायला पिटाळलं, दार लावून घेतलं आणि बाईमाणूस म्हणून मला आत उभं केलं.

फॉर्म मीच भरला. आमच्याकडे शंभरातल्या नव्वद बायका म्हणतात, तुमीच भरा बाई, सही कुठं करायची तेवढं दाखवा. मग मी नाव, वय, शुगर, ॲलर्जी पटापट लिहिते आणि खाली चौकोनांत बरोबरच्या खुणा करत जाते. हाताला सवयच झालीय. शेवटचा चौकोन असा आहे की नाव वगळून हे फोटो संशोधनासाठी वापरायला माझी हरकत नाही. तोही मी केला. वाचला नाही, विचारला नाही, केला.

स्कॅन सुरू झाला. श्वासाच्या सूचना मशीन आपोआप देतं, पण गौसभाई स्वतः माइकवर सांगायचे, पेशंटला धीर येतो म्हणून. "सांस रोको," म्हणाले. पडद्यावर अंगाचे एकामागून एक काप उमटायला लागले. मला त्यातलं काही कळत नाही, पण त्यांचं तोंड कळतं. त्यांचा हात माइकच्या बटणावर तसाच राहिला आणि पुढचं ते बोललेच नाहीत. आत भाभी श्वास रोखून पडलेली. मी त्यांच्या हातावरून बटण दाबलं आणि म्हटलं, भाभी, सोडा श्वास.

बाहेर आल्यावर तिनं आजाराचं काही विचारलं नाही. तिला कळलंच असणार. ओढणी नीट केली आणि म्हणाली, डॉक्टरनं बघितलं की ते फोटो पुसून टाका. गौसभाई हो म्हणाले. अकरा वर्षांत मी त्यांना पेशंटशी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. फोटो पुसता येत नाहीत, तेवढं मलाही ठाऊक आहे. ते सर्व्हरवर जातात, तिथून पुण्याला, आणि डिलीटचं बटण आमच्या कुणाच्या हातात नाही.

पाठीच्या मणक्यात, लिव्हरमध्ये, सगळीकडे होतं. डॉक्टरांनी पाच महिने सांगितले, तिनं चार काढले. मी दर रविवारी जायची. मरणारं माणूस लेकराबाळांचं विचारतं, घरादाराचं विचारतं. तिनं शेवटच्या आठवड्यात मला जवळ बोलावून एवढंच विचारलं.

"रेश्मा, त्यांचा भरवसा न्हाय, ते मला बरं वाटावं म्हणून बोलतील. तू सांग. पुसलं का?"

"व्हय भाभी," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांदेखत पुसलं."

तिनं माझा हात दाबला. फॉर्मच्या शेवटच्या चौकोनातल्या त्या खुणेची आठवण मला त्याच क्षणी झाली आणि मी तिथून उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं.

उन्हाळा लागायच्या आत ती गेली. गौसभाई पाचव्या दिवशी कामावर आले.

यंदा आमच्याकडे नवीन सॉफ्टवेअर घेतलंय. कॉम्प्युटर स्वतःच स्कॅन बघतो आणि संशय येईल तिथं लाल गोल करतो. डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेला ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपकासुद्धा त्याला सापडतो. शिकवायला कंपनीचा ऋतुराज नावाचा मुलगा आला होता, चांगला नम्र. वरच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, भिंतीवर प्रोजेक्टर लावला. एजाज आणि इसूफ पहिल्या रांगेत, मी आणि गौसभाई कडेला. ऋतुराज म्हणाला, हे सगळे फोटो तुमच्याच सेंटरनं संशोधनाला दिलेले आहेत, यांवरच कॉम्प्युटर शिकला, म्हणून तुमचे आभार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तो फॉर्मवरचा शेवटचा चौकोन आठवला.

तिसऱ्या का चौथ्या केसला त्यानं सगळे काप जोडून अख्खं धड उभं केलं आणि ते भिंतीवर गोल फिरवायला सुरुवात केली. आधी कातडीसकट, मग नुसती हाडं. डावं गळ्याचं हाड वाकडं जुळलेलं होतं. भाभी लग्नानंतर पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून पडली तेव्हा तेच हाड मोडलं होतं, तिचा एक्सरे गौसभाईंनीच काढला होता आणि नीट जुळलं नाही म्हणून ती त्यांना जन्मभर टोमणे मारायची. मला पुढं बघवेना. एजाज खुर्चीत पुढं वाकून म्हणाला, किती साफ आलंय, परत एकदा कातडीसकट दाखवा की.

ऋतुराजनं दाखवलं.

गौसभाई उठले. मला वाटलं बाहेर जातायत. ते सरळ भिंतीपाशी गेले आणि लोकांकडे तोंड करून उभे राहिले. ते फिरणारं चित्र त्यांच्या पांढऱ्या शर्टावर, तोंडावर पडलं. दोन्ही हात त्यांनी थोडे पसरले होते. कुणाला काही कळेना, काहीजण हसले. मी उठून सांगायला पाहिजे होतं, ओरडायला पाहिजे होतं, पण काय सांगणार? नाव सांगितलं असतं तर उरलंसुरलं झाकणही गेलं असतं.

ऋतुराज अगदी आदरानं म्हणाला, "काका, जरा बाजूला होता का? मागच्यांना दिसत नाहीये."

गौसभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. आणि मग ते बाजूला झाले.