कुणाचाच नसलेला प्रोग्राम

माझ्या ताईला दिसत नाही. पण हे तिचं तीच विसरते, मग बाकीच्यांनी तरी किती लक्षात ठेवायचं! नजर गेली तेव्हा आम्ही घरभर रडारड केली, तर ही बया म्हणते, "तुमचं रडून झालं असेल तर कुणीतरी चहा टाका."

आमच्या हॉस्पिटलात ती चौकशीच्या टेबलावर बसते. मी मागे, चादरींच्या खोलीत. पेशंटच्या घरच्यांचे फोन येतात : आमचं माणूस कुठल्या वॉर्डात आहे, ऑपरेशन झालं का, शुद्ध आली का. ताई कळा दाबते, कॉम्प्युटर पडद्यावरचं तिच्या कानात वाचून दाखवतो आणि ती ते फोनवर सांगते. नुसतं सांगत नाही, समोरच्याचा श्वास ऐकून सांगते. घाबरलेल्याशी हळू बोलेल, भांडकुदळाशी त्याच्याहून चढ्या आवाजात, पण काम चोख. अख्ख्या हॉस्पिटलात तिच्या तोडीचं माणूस नाही. बहीण म्हणून नाही म्हणत; बहीण म्हणून तर आमचं रोज वाजतं.

मध्यंतरी त्या कॉम्प्युटरने छळ मांडला. सकाळी सुरू केला की जागचा हलायचा नाही. ते टेबल सगळ्या पाळ्यांचं, त्यामुळे ज्याने त्याने आपापलं काहीबाही त्यात भरून ठेवलेलं. कुणाची गाणी, कुणाचं हवामान, कुणाच्या सेलच्या जाहिराती. मशीन चालू झालं की सगळे एकदम उठून बसायचे, आणि तो वाचून दाखवणारा आवाज बिचारा प्रत्येकाची पाटी ताईच्या कानात वाचत सुटायचा. इकडे फोन खणखणतोय आणि कानात काय, तर 'आज आकाश निरभ्र राहील'! लोक ताटकळायचे, मग तक्रारी करायचे.

मॅनेजर साहेब नवीन होते, वयाने लहान आणि घाई मोठी. म्हणाले, "सोमवारी सकाळी मी स्वतः येऊन बघतो. असंच चालणार असेल तर रेकॉर्ड केलेला आवाज लावून टाकू. एक दाबा, दोन दाबा. ताई, तुम्हाला दुसरीकडे कुठेतरी बसवू."

दुसरीकडे कुठेतरी! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ताई त्या दिवशी धड जेवली नाही. "बसवू म्हणतो," ती एवढंच पुटपुटली, "मी काय फुलदाणी आहे?"

कॉम्प्युटरवाल्याला सांगून आमचं तोंड दुखलं, तो आज येतो, उद्या येतो. शेवटी शनिवारी काम आटपल्यावर ताईच बसली. मशीनबरोबर कोणकोणते प्रोग्राम आपोआप सुरू होतात ते एका ठिकाणी बघता येतं. तिथे जाऊन ती एकेकाचं नाव ऐकायची, आणि ज्याचा असेल त्याला फोन करून विचारायची.

मी वैतागले. "अगं, सरसकट बंद कर ना! भरताना तुला कुणी विचारलं होतं?"

"मी काढून टाकत नाहीये गं. त्यांना हवं तेव्हा त्यांनी उघडावं, फक्त मशीनबरोबर उठायचं नाही. पण दुसऱ्याचं काही न विचारता हलवू नये."

आमच्या घरात साधी खुर्चीसुद्धा ताईला सांगितल्याशिवाय जागची हलत नाही, हा नियम तिच्या हाडात मुरलाय.

शेवटी एक नाव उरलं, कुठल्याशा कंपनीचं. रात्रपाळीवाला म्हणाला माझं नाही, दुपारची बाई म्हणाली माझं नाही. "म्हणजे बेवारशी," ताई म्हणाली आणि तेही बंद केलं.

सोमवारी साहेब येऊन उभे राहिले. ताईने बटण दाबलं आणि काय सांगू, डोळ्याचं पातं लवतंय तोवर मशीन तयार! मी टाळीच वाजवणार होते. पण ताईचा चेहरा उतरला. कानात काहीच नाही. ते बेवारशी नाव तिच्याच वाचणाऱ्या आवाजाचं होतं. साऱ्या जगाला विचारलं बयेने, स्वतःला सोडून! तो हाताने कसा सुरू करायचा, याची तिला कधी गरजच पडली नव्हती. तेवढ्यात फोन वाजला.

"मी वाचते," म्हणत मी पुढे सरसावले.

"तू चादरींकडे जा," ताई म्हणाली. "साहेब, खुर्ची ओढा. आज तुम्ही वाचायचं."

साहेब आज्ञाधारक मुलासारखे बसले. मी कुठली जातेय, दारातच थांबले. ते वाचत होते, ताई सांगत होती, फोनमागून फोन चालले होते. मग एक थकलेला आवाज आला. ताईने लगेच ओळखला. बायकोची रोज चौकशी करणारे आजोबा.

"थांबा हं आजोबा, बघते."

साहेबांनी नाव टाकलं आणि त्यांची दातखीळच बसली. "काय लिहिलंय?" ताईने फोनवर हात ठेवून विचारलं. त्यांनी वाकून तिच्या कानात सांगितलं. ताईने फोनवरचा हात काढला.

"आजोबा, घरात कोण आहे तुमच्याजवळ? सूनबाई? द्या बरं तिला." मग आवाज एकदम खाली आणून, "ऐक बाळा, चेहऱ्यावर काही दाखवू नकोस. त्यांना दोन घास खाऊ दे, मग हाताला धरून घेऊन ये. एकटं सोडू नकोस. आलात की आधी माझ्याकडे या, डॉक्टरांना मी थांबवून ठेवते."

पलीकडून सूनबाई काय म्हणाली ते ताईने मला नंतर सांगितलं. अगदी बारीकसं, "बरं काकू." आणि मागून आजोबांचा आवाज, इतका मोठा की दारात मलाही ऐकू आला : "विचार ना, आज घरी न्यायची का तिला?"

ताई सूनबाईला म्हणाली, "त्यांना सांग, या म्हणावं. मी इथेच आहे."

फोन ठेवून तिने पदराने डोळे पुसले. मीही पुसले, लाज कसली त्यात? साहेब खाली मान घालून बसले होते. तसेच म्हणाले, "ताई, ही जागा तुमचीच. तो रेकॉर्डचा विषय संपला."

"बरं," ताई म्हणाली. "आता आधी डॉक्टरांना फोन लावा. आजोबा निघतील एवढ्यात."